उजवीकडचे हृदय आणि न थांबणारा खोकला

डॉक्टर क्ष-किरणाची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावतात, क्षणभर पाहतात आणि ती उलटी लागली असे समजून फिरवून पुन्हा लावतात. मग कोपऱ्यातील डाव्या-उजव्या बाजूच्या खुणेकडे त्यांचे लक्ष जाते. फिल्म पहिल्या वेळीच बरोबर लागलेली असते. समोर बसलेल्या मुलाचे हृदयच छातीत उजव्या बाजूला असते. आईने मुलाला आणलेले असते ते मात्र हृदयासाठी नव्हे, तर तान्हेपणापासून कधीही पूर्णपणे न थांबलेल्या ओल्या खोकल्यासाठी. असा प्रसंग आजवर अनेक देशांतील अनेक दवाखान्यांत घडला आहे.

बाजारपेठेत राहणाऱ्या घरांत अशा खोकल्याला कारणे चटकन सापडतात. दुकानात मिरचीचा खकाणा असतो, गोदामात धान्याची धूळ असते, गल्लीत मालगाड्यांचा धूर असतो. कोणी ॲलर्जी म्हणतो, कोणी दमा म्हणतो, कोणी क्षयाची शंका घेऊन महिनोन्‌महिने औषधे चालवतो. आजी हळद-दूध देते, शेजारीण काढा सुचवते. मूल थोडे बरे होते आणि पुन्हा खोकू लागते. सर्दी उन्हाळ्यातही हटत नाही, कान वाहतो, वर्गात नीट ऐकू येत नाही. हळूहळू घरातील माणसे ‘त्याची प्रकृतीच तशी’ असे म्हणून मोकळी होतात.

बहुतेक मुलांच्या खोकल्याचे कारण साधेच असते, हे आरंभीच सांगितले पाहिजे. परंतु थोड्या मुलांच्या बाबतीत ते पेशींच्या जडणघडणीत दडलेले असते. न थांबणारा खोकला आणि उजवीकडचे हृदय या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या दोन गोष्टींचे मूळ तेथे एकच निघते. ते मूळ कोणते, हे शोधायला विज्ञानाला जवळजवळ एक शतक लागले. त्या शोधाची हकिगत वाचकांपुढे ठेवण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. आपल्या घरांतील सोयरिकी, मुलींची लग्ने आणि सुनांवर येणारे दोष यांच्याशीही तिचा संबंध पोहोचतो.

पापणीच्या केसासारखी लव

नाकापासून फुफ्फुसांतील नलिकांपर्यंत आपल्या श्वसनमार्गाला आतून एक अस्तर असते. त्यावर श्लेष्म्याचा पातळ थर पसरलेला असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण आणि जंतू या थराला चिकटतात. थराखालच्या पेशींच्या माथ्यावर अतिशय सूक्ष्म लव असते. शास्त्रीय मराठीत तिला पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. एका पेशीवर अशा सुमारे दोनशे ते तीनशे पक्ष्माभिका असतात. प्रत्येकीची लांबी सहा-सात मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण दीडशेवा भाग. त्या सेकंदाला दहा ते पंधरा वेळा हलतात आणि तेही एकीमागून एक अशा क्रमाने, वाऱ्याबरोबर ज्वारीचे शेत डोलावे तशा. या हालचालीने श्लेष्मा अखंड वर सरकत राहतो, घशाशी येतो आणि आपल्या नकळत गिळला जातो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पक्ष्माभिकेचा आडवा छेद पाहिला, तर कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नळ्या दिसतात. प्रत्येक जोडीला प्रथिनांचे इवलेसे हात असतात. हे हात शेजारच्या जोडीवर जोर लावतात आणि त्यामुळे पक्ष्माभिका वाकते. या बळ देणाऱ्या प्रथिनाला आयन गिबन्स यांनी १९६५ साली ‘डायनीन’ हे नाव दिले. हीच रचना शुक्राणूच्या शेपटीत असते. पक्ष्माभिका स्त्रीच्या बीजवाहिनीत असतात आणि मेंदूतील पोकळ्यांच्या अस्तरावरही असतात. म्हणून या रचनेतला दोष केवळ फुफ्फुसापुरता राहत नाही.

झुरिक, स्टॉकहोम, टोकियो

कीव्ह येथील झीवर्ट या डॉक्टरांनी १९०४ साली असा एक रुग्ण नोंदवून ठेवला होता. १९३३ साली झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी चार रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्यात सायनसचा जुनाट दाह, फुफ्फुसांतील नलिका कायमच्या रुंद होऊन त्यांत कफ साठणे आणि शरीरातील अवयव आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट बाजूंना असणे, या तीन गोष्टी एकत्र होत्या. या लक्षणसमूहाला त्यांचे नाव मिळाले. तिन्ही गोष्टी एकत्र का येतात, याचे उत्तर मात्र मिळाले नाही.

ते उत्तर वंध्यत्वाच्या अभ्यासातून पुढे आले. स्टॉकहोमचे ब्योर्न आफ्झेलियस हे ज्यांचे शुक्राणू हलतच नाहीत अशा पुरुषांची तपासणी करीत होते. त्या शुक्राणूंच्या शेपटीत डायनीनचे हात नव्हते. श्वासनलिकेतील पक्ष्माभिकांतही ते नव्हते आणि या माणसांना सर्दी-खोकल्याने जन्मभर ग्रासलेले होते. १९७६ साली आफ्झेलियस यांनी हा दुवा जाहीर केला आणि एक धाडसी तर्कही मांडला. भ्रूणात अवयवांची डावी-उजवी बाजू ठरवण्याचे काम पक्ष्माभिकाच करीत असाव्यात आणि त्या थांबल्या की ही बाजू केवळ योगायोगाने ठरत असावी.

या तर्काला पुरावा मिळायला बावीस वर्षे लागली. टोकियोमध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने १९९८ साली उंदराच्या भ्रूणात एका चिमुकल्या खळग्यातील पक्ष्माभिका गरगर फिरताना आणि भोवतालचा द्रव डावीकडे ढकलताना पाहिल्या. ज्या भ्रूणांत त्या तयारच झाल्या नाहीत, तेथे अवयवांच्या बाजूंचा मेळ राहिला नाही. पुढे २००२ साली जपानी संशोधकांनी भ्रूणावरून द्रवाचा कृत्रिम प्रवाह उलट दिशेने सोडला, तेव्हा अवयवांची मांडणीही उलटी झाली. हृदयाला आपली बाजू कळते ती या इवल्याशा ओढ्यामुळे.

ओढाच वाहिला नाही, तर बाजू नाणेफेकीप्रमाणे ठरते. म्हणून या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांचे हृदय उजवीकडे असते आणि उरलेल्या निम्म्यांचे डावीकडे, म्हणजे नेहमीच्याच जागी. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की हृदय डावीकडे असले, तरी त्यावरून हा आजार नाही असे म्हणता येत नाही. आज या आजाराला प्राथमिक पक्ष्माभिका-दोष म्हणता येईल; डॉक्टर त्याला पीसीडी म्हणतात.

जनुकांतील पाठभेद

जुन्या हस्तलिखितांशी परिचय असलेल्यांना पाठभेद हा शब्द नवा नाही. नक्कल करताना एखादे अक्षर बदलते, काना सुटतो, ओळ गळते. पुष्कळ पाठभेदांनी अर्थाला बाध येत नाही, एखाद्याने मात्र अर्थ पार बिघडतो. जनुकांचेही तसेच आहे. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असंख्य फरक असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. पीसीडीशी संबंधित असा पहिला अपायकारक फरक १९९९ साली फ्रान्समधील संशोधकांना सापडला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालाचा. पाण्यात पोहण्यासाठी हे शैवाल जे प्रथिन वापरते, त्याच्याशी जुळणारे मानवी जनुक त्यांनी शोधले आणि रुग्णात तपासले. ते जनुक म्हणजे डीएनएआय१. २००२ साली डीएनएएच५ हे दुसरे महत्त्वाचे जनुक सापडले. आज या आजाराशी निगडित अशी पन्नासहून अधिक जनुके ज्ञात आहेत.

यांतील बहुतेक जनुके पक्ष्माभिकेच्या हालचालीची सामग्री पुरवतात. काहींचे काम मात्र त्याआधीचे असते. पक्ष्माभिका धारण करणारी पेशी घडवण्यातच त्यांचा वाटा असतो.

श्वसनमार्गाच्या अस्तराच्या तळाशी मूलपेशी असतात. त्यांतून कोणती पेशी श्लेष्मा स्रवणारी होईल आणि कोणती पक्ष्माभिकांची, हे शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या ‘नॉच’ नावाच्या संदेशावर अवलंबून असते. संदेश जोरकस असेल तर पेशी स्रावी होते, मंद असेल तर पक्ष्माभिकांची. एकदा हा निर्णय झाला की पेशी विभाजन थांबवते आणि मल्टिसिलिन नावाचे प्रथिन पुढील कामे सुरू करते. बेडकाच्या भ्रूणाच्या त्वचेवरही अशाच पेशी असतात. मल्टिसिलिनचे हे काम त्यांच्याच अभ्यासातून २०१२ साली उघड झाले.

यापुढचे काम सोपे नसते. साध्या पेशीत सेंट्रिओल नावाच्या कणिका दोनच असतात आणि पक्ष्माभिका उगवते ती अशा एका कणिकेवर. दोनशे पक्ष्माभिका हव्या असतील, तर कणिकाही दोनशे हव्यात. म्हणून ही पेशी अल्प काळात शेकडो कणिका तयार करते, त्यांना वरच्या पृष्ठभागाकडे नेते आणि तेथे ओळीने रोवते. मग फॉक्सजे१ हे जनुक हालचालीसाठी लागणाऱ्या साऱ्या प्रथिनांची निर्मिती सुरू करून देते आणि प्रत्येक कणिकेवर एक पक्ष्माभिका उगवते.

या कामात बिघाड झाला तर काय होते, हे २०१४ साली दोन शोधनिबंधांनी दाखवले. सीसीएनओ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या रुग्णांत कणिका पुरेशा तयार होत नाहीत. पेशीवर थोड्याच पक्ष्माभिका दिसतात. ज्या असतात त्या मात्र नीट हलतात. मल्टिसिलिनच्या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांत पेशीवर एखाद-दुसरीच पक्ष्माभिका असते आणि तीही निश्चल, कारण तिच्यात हालचालीची प्रथिनेच पोहोचलेली नसतात. पहिल्या रुग्णांत कामाला लागणारे हात थोडे पण निरोगी असतात, दुसऱ्यांत ते थोडेही असतात आणि निर्बळही. फुफ्फुसाला मात्र दोन्हींचा त्रास सारखाच जाणवतो.

या रुग्णांचे हृदय नेहमीप्रमाणे डावीकडेच असते. प्रथमदर्शनी हे कोडे वाटते, पण उत्तर सरळ आहे. भ्रूणाच्या त्या खळग्यातील प्रत्येक पेशीवर एकच पक्ष्माभिका असते. तेथे शेकडो कणिका घडवण्याची गरजच पडत नाही, म्हणून तेथील काम सुरळीत पार पडते. त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष वेधून घेणारी उजवीकडच्या हृदयाची खूण या मुलांत नसते आणि निदान आणखी लांबते. त्यातच नाकातून घेतलेल्या नमुन्यात पक्ष्माभिका विरळ दिसल्या, तर नमुना नीट आला नाही किंवा जंतुसंसर्गाने त्या झडल्या, असा समज होण्याची शक्यता असते.

फॉक्सजे१ची कथा याहून निराळी आहे. २०१९ साली असे दिसून आले की या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी आजार होतो, त्यात अवयवांची बाजू बदलू शकते आणि मेंदूतील पोकळ्यांत पाणीही साठते. यातील बहुतेक फरक आई-वडिलांपैकी कोणातही नसतात; ते त्या अपत्यात नव्याने उद्भवलेले असतात.

हिशोब मांडून पाहू

हे अपवाद वगळले, तर पीसीडीचे बहुसंख्य प्रकार अप्रभावी अनुवंशाचे असतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. असा माणूस निरोगी असतो आणि त्याला वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघेही एकाच जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता चारात एक असते. म्हणजे दोष असलाच तर तो दोन्ही घराण्यांकडून आलेला असतो. ‘सुनेच्या माहेरचा आजार’ ही समजूत या गणितात बसत नाही.

व्यापारी घरातील वाचकांसाठी हा हिशोब आकड्यांत मांडू. समजा, एखाद्या बिघडलेल्या जनुकाचा वाहक शंभरात एक आहे. हा आकडा मुद्दाम चढा धरला आहे. परस्परांशी नाते नसलेल्या जोडप्याच्या अपत्याला आजार होण्याची शक्यता शंभर गुणिले शंभर गुणिले चार, म्हणजे ४०,००० मध्ये एक. तोच विवाह मामाच्या मुलीशी झाला तर? मुलगा वाहक असल्यास त्याच्या मामेबहिणीकडेही तोच फरक असण्याची शक्यता आठात एक असते. म्हणून हिशोब होतो शंभर गुणिले आठ गुणिले चार, म्हणजे ३,२०० मध्ये एक. शक्यता साडेबारा पट वाढली. मामा-भाचीच्या विवाहात ती याहूनही वाढते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. राजस्थान-गुजरातकडून आलेली घरे गोत्र काटेकोरपणे टाळतात आणि ती प्रथा निश्चितच हिताची आहे. परंतु गोत्र चालते वडिलांकडून, जनुके मात्र दोन्हीकडून येतात. दोन भिन्न गोत्रांच्या घरांत एकाच पणजीच्या माहेरचा पाठभेद येऊन पोहोचलेला असू शकतो. समाज जितका लहान आणि सोयरिकी जितक्या आतल्या आत, तितकी ही शक्यता वाढते. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड शहरातील दक्षिण आशियाई समाजात, जेथे नात्यांतील विवाह पुष्कळ होतात, पीसीडीचे प्रमाण २,२६५ मध्ये एक आढळल्याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जगात इतरत्र ते दहा ते वीस हजारांत एक मानले जात असे. अलीकडचे जनुकीय अंदाज मात्र ते यापेक्षा अधिक असल्याचे सुचवतात.

केव्हा सावध व्हावे, काय करावे

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्या एक-दोन दिवसांत विनाकारण श्वास लागणे, पहिल्या वर्षापासून बारमाही ओला खोकला, बारमाही चोंदलेले नाक आणि अवयवांची उलट मांडणी, या चार खुणा आहेत. यांतील दोन वा अधिक जुळल्या, तर बालकांच्या श्वसनविकारांच्या तज्ज्ञाकडे जावे आणि पीसीडीचा प्रश्न स्वतःहून विचारावा. निदानासाठी नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात. या रुग्णांत तो फार कमी असतो. नाकातील पेशी घेऊन त्यांची हालचाल वेगवान कॅमेऱ्याने पाहतात किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रचना तपासतात. रक्तावरून जनुकीय तपासणीही होते. तिने साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांत कारण सापडते, म्हणून ती निर्दोष आली तरी शंका पूर्णपणे फिटत नाही.

मुळावरचा उपाय आज उपलब्ध नाही. पण फुफ्फुसांची हानी बरीच रोखता येते. छातीतील कफ रोज व्यायामाने आणि श्वसनोपचाराने बाहेर काढणे हा उपचाराचा कणा आहे. संसर्ग झाल्यास प्रतिजैविके वेळेवर द्यावी लागतात, लसी चुकवायच्या नसतात, ऐकण्याची तपासणी नियमित करायची असते आणि घरात कोणी धूम्रपान करायचे नसते. मुलाने धावावे, खेळावे. त्याने कफ सुटतो. यात एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. खोकला दाबणारे औषध या मुलांना देऊ नये. पक्ष्माभिका काम करीत नाहीत, तेव्हा कफ बाहेर काढण्याचे खोकला हेच साधन शरीराजवळ उरलेले असते. पंगतीत, वर्गात, समारंभात अशा मुलाला ‘खोकू नकोस’ म्हणून दटावणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे होय.

या आजारात पुरुषांना अपत्यप्राप्तीत बहुधा अडचण येते, स्त्रियांनाही येऊ शकते. आजच्या उपचारांनी अनेकांना मार्ग मिळतो. हे सत्य विवाहापूर्वी दोन्ही घरांत स्पष्टपणे सांगितलेले बरे.

बहिणीचे लग्न

आता सर्वांत नाजूक प्रश्न. अशा मुलाची तपासणी पुढे ढकलली जाते, निदान झाले तरी ते कपाटात कुलूपबंद राहते. यामागे बहुतेक वेळा एकच भय असते: घरात लग्नाची मुलगी आहे, बाहेर कळले तर स्थळे येतील का?

याचाही हिशोब करू. रुग्णाची बहीण निरोगी असेल, तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. तिचा विवाह नात्याबाहेरच्या मुलाशी झाला आणि त्या मुलांत वाहकाचे प्रमाण आपण मघाशी धरले तितके, शंभरात एक मानले, तर तिच्या अपत्याला आजार होण्याची शक्यता येते सहाशेत एक. म्हणजे सहाशेपैकी पाचशे नव्याण्णव अपत्ये या आजारापासून मुक्त. पन्नासहून अधिक जनुकांत हा आजार विभागलेला असल्याने प्रत्यक्षात धोका बहुधा याहूनही कमी असतो. भावातील नेमका फरक ठाऊक असेल, तर बहीण वाहक आहे की नाही हे एका रक्ततपासणीने कळते आणि ती वाहक निघालीच तर होणाऱ्या जावयाचीही तपासणी करता येते.

लपवून ठेवले, तर मात्र उलटे होते. निदान झाकलेल्या घरातच नात्यातले स्थळ ‘माहितीतले’ म्हणून सुरक्षित मानले जाते आणि खरा धोका तेथेच असतो. भावाच्या आजाराचा कागद कुलपात राहिला, तर बहिणीला मामाच्या घरी देताना तो कोणीच उघडून पाहत नाही.

व्यवहारात आपण वही तपासल्याशिवाय भागीदारी करीत नाही. भावाच्या तपासणीचा तो कागद बहिणीची सोयरीक ठरण्याआधी बाहेर काढावा, मुलीला स्वतःला वाचू द्यावा आणि जनुकीय समुपदेशकासमोर ठेवावा. आणि ज्याच्यामुळे ही माहिती घराला मिळाली, त्या खोकणाऱ्या मुलाला त्या बैठकीतून बाहेर पाठवू नये.